खिडकी आधी धाकटीने निवडावी

धाकटीला तीन वर्षं सांगतेय, शिवणघरातली खिडकीची खोली घे नाहीतर अंगणाकडची घे, पण एक घे. ती म्हणते, "ताई, तू मोठी, तूच ठरव." म्हणजे मी ठरवायचं आणि हिने जन्मभर नाक मुरडायचं. बुधवारी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. त्यांच्यासाठी असेल. म्हणून हे मृत्युपत्र. वय चोपन्न, शिक्षण चौथी, डोकं ठिकाणावर. मला कोणी भरीस घातलेलं नाही. घालून बघावंच कोणी.

१. शिवणघर आम्हा दोघी बहिणींचं. माझा अर्धा भाग माझ्या लेकीला. पण कोणता अर्धा, ते धाकटीने आधी निवडल्यावर.

कारण सांगते. ज्यू लोकांच्या इब्री शास्त्रात एका काका-पुतण्याचा उतारा आहे. दोघांची गुरं वाढली, जागा पुरेना, गुराखी भांडायला लागले. काका म्हणाला, आपण घरचीच माणसं, भांडण नको; तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जातो. पुतण्याने पाण्याची बाजू घेतली. प्रवचन करणारे काकाचं मोठं मन सांगतात आणि पुतण्याला हावरा ठरवतात. मला नाही पटत. निवड म्हटलं, त्याने निवडलं. मग नावं कशाला ठेवायची? आमच्याकडे शिवणाऱ्या बायका भांडतात. काळ्या कापडावर काळा दोरा चालवायला उजेड लागतो आणि खिडकी एकच. त्यांच्यापायी आम्ही दोघी सख्ख्या बहिणी तोंडं फिरवून बसतो.

२. धाकटीने खिडकी घेतली तर लेकीने तिला हावरी म्हणायचं नाही. म्हटलं, तर मोठी कात्री लेकीला नाही.

३. इस्त्री धाकटीच्या नवऱ्याला. तो तिच्यावर चहा गरम ठेवायचा. आता खुशाल ठेवावा.

४. कापायचं टेबल कोणी वाटून घ्यायचं नाही. आई शिवायला बसली की आम्ही दोघी त्याच्याखाली एका चादरीत झोपायचो. ते आहे तिथेच राहील, दोन्हीकडच्यांनी वापरावं.

साक्षीदार: बटणवाले काका (सही). वरच्या मजल्यावरच्या शाळेतल्या बाई (सही, चुका काढत होत्या, काढू दिल्या नाहीत).
लिहिणारी: मोठी (सही).
ठिकाण: कापायचं टेबल. शुक्रवार, ९ मार्च.

धाकटे, ही नक्कल तुला. मी मेल्यावर निवडलंस तर तुझं तोंड मला कसं बघायला मिळणार? सोमवारी, १२ तारखेला, शिवणघर उघडायच्या आत स्वतः येऊन सांग, खिडकी की अंगण? "तूच ठरव" हे उत्तर धरलं जाणार नाही.