वजन उचलायचं नाही

४ एप्रिल
धुळ्याहून सौ.ला घेऊन आलो. एस.टी.त मागची सीट मिळाली. खड्डा आला की ती माझा हात दाबायची आणि मी ड्रायव्हरला मनातल्या मनात शिव्या घालायचो. तिची गर्भाची पिशवी काढली. कैक वर्षं अंग खाली येत होतं, कपडा बांधून कामं करत होती. सांगणार कुणाला? निघताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, "गुरुजी, तीन महिने वजन उचलायचं नाही. पाण्याचा हंडा तर अजिबात नाही. आतले टाके तुटले तर पुन्हा सगळं खाली येईल, आणि मग माझ्याही हातात फारसं काही राहणार नाही." मी मान डोलावली. एप्रिल महिना, आमचं गाव, आणि हंडा नाही! मान डोलवायला काय जातं.

५ एप्रिल
टँकर आला तेव्हा मी शाळेत. घरात आई आणि सौ. दोघीच. आईच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय, ती ओट्यापर्यंत जाते तेच खूप. घरी आलो तर रांजणाच्या तळाला तांब्याभर पाणी. डाळ धुतलेलं गायीला ठेवलं होतं. गाय माझ्याकडे बघत होती.
भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसली. दार लावून. मग स्वतःचंच हसू आलं, दार कशाला लावलं म्हणून.

७ एप्रिल
हेडमास्तरांना विचारून शाळेतून लवकर निघालो. टँकर विहिरीत पाणी सोडून गेला होता, बाया पोहऱ्यांनी पाणी ओढत होत्या. लांबून नुसता कलकलाट. मी हंडा घेऊन पोचलो आणि सगळं चिडीचूप. पदर डोक्यावर, तोंडं पलीकडे. वर्गात पट्टी आपटूनही कधी एवढी शांतता मिळाली नाही. शेजारची गोदाबाई म्हणाली, "गुरजी, तुम्ही सरका. आम्ही काढी देतस." नको नको म्हणेपर्यंत हंडा भरला. माझा नंबर शेवटचा, पाणी पहिलं. खांद्यावर घेऊन आलो, अर्धं माझ्या सदऱ्यावर.
आई ओट्यावरच होती. "गुरजीनी बायको घरमा बठेल शे नि गुरजी पानी वाहतस! लोके काय म्हणतीन?"
लोके काही म्हणालीच नाहीत, हीच तर पंचाईत.

९ एप्रिल
पुन्हा गेलो. पुन्हा तेच. सायंकाळी गोदाबाई आली आणि सौ.जवळ बसली. मी आत वह्या तपासत होतो. तिला वाटलं मी घरात नाही.
"अक्का, राग धरू नको. गुरजी विहिरीवर ऊनात का आमले तोंड उघडता येत नही. सासूनं, नवरानं, बठ्ठं आम्ही तठेच बोलतस. घरमा कोठे बोलानं?"
गोदाबाई गेल्यावर सौ. मला म्हणाली, "तुम्ही तठे जाऊ नका. मन्ही मान खाले जास."
गोदाबाईचं खोटं नाही. त्यांना तेवढी एक जागा आहे आणि तिथेही मास्तर येऊन उभा. पण मग मी करू काय? हे मात्र कुणी सांगत नाही.

१२ एप्रिल
टँकरवाल्याला फाट्यावर गाठलं. सायकलला दोन कॅन बांधून नेले होते. बाबा, यात परस्पर भरून दे. तो माणूस भला, हात जोडले त्यानं. "गुरुजी, एकाला वाटेत दिलं की उद्या सगळं गाव फाट्यावर. मला विहिरीतच सोडायचा हुकूम आहे." बरोबर आहे त्याचं. सगळ्यांचंच बरोबर आहे. रिकामे कॅन खडखडत परत आलो.
गाडीवर पिंप घालून आणून देणारा एक होता, त्याच्याही मळ्यातली विहीर आटली. हेडमास्तर म्हणतात चौथीची पोरं पाठवा. वार्षिक परीक्षा तोंडावर, आणि पोरांच्या डोक्यावर माझे हंडे? नको.

१६ एप्रिल
आता गोदाबाई आणि तिच्या दोघी मैत्रिणी आळीपाळीनं एकेक हंडा आणून ओततात. मी विहिरीवर येऊ नये म्हणून असेल, सौ.साठीही असेल. पाणी मिळतंय. पण सौ. दारात उभी राहून त्यांना हंडा ओतताना बघते ते मला बघवत नाही. भिक्षा वाढून घेतल्यासारखा चेहरा. परत द्यायला हात रिकामे, म्हणून त्यांच्या पोरींची परकर-पोलकी शिवून देते म्हणाली. म्हटलं, मशीन पायानं चालवायची नाही. तर म्हणे, हातानं शिवीन.
आई : "मी नववा महिनामा पानी भरेल शे."
म्हटलं, माय, म्हणूनच तुझे गुडघे असे. रागावली. जेवली नाही.

१९ एप्रिल
आखाजी जवळ आली. अक्षय्य तृतीयेचा हा सण लेकींचा, माहेरी येऊन झोके घ्यायचा. आमच्या शोभाची लग्नानंतरची पहिली. तिला आणायला जामनेरला मूळ धाडायचं. मी आपलं हळूच म्हटलं, यंदा पाण्याचं असं आहे, तुझं हे असं, पुढच्या वर्षी…
दोघी एकदम उसळल्या. एरवी सासू-सुनेचं एकमत व्हायला पंचांग बघावं लागतं.
आई : "आखाजीले पोर ऊनी नही ते लोके म्हणतीन, मायबाप मरी गयात का काय!"
सौ. : "तिन्ही पहिली आखाजी शे. झोका बांधानाच. पानीनं मंग पाहू."
मंग पाहू. या दोन शब्दांवर आमचं घर उभं आहे.

२४ एप्रिल
शोभा आली. अंगानं जरा वाळलेली वाटली, पण हसणं तेच. आल्या आल्या पदर खोचून हंडा घेतला. "बाबा, तुम्ही बसा. मी शे ना आते." विहिरीवरून येताना तिच्या बरोबर चौघी-पाचजणी, सगळ्या खिदळत. रांजण काठोकाठ. गोदाबाईलाही एक हंडा परत गेला. सौ.चा चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसला.
मीही सुटल्यासारखा झालो. माहेरी चार दिवस झोके घ्यायला आलेली पोर पाणी ओढते आहे आणि बाप सुटल्यासारखा होतो. लिहिताना लाज वाटते, पण खरं ते हेच.

२७ एप्रिल
सकाळी भाकरीच्या वासानं शोभा उठून परसात पळाली. ओकली. सौ. तव्याशी होती, तिनं नुसतं वर बघितलं. मला काही कळलं नाही. मी म्हणालो, उन्हाचं असेल, कांदा फोडून द्या. दोघी हसल्या.
दुपारी सौ. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तिले दिवस गयात. आते हंडाले हात लावू देऊ नका." मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पहिला विचार आला तो उद्याच्या टँकरचा.

२८ एप्रिल
टँकर. शोभा हंडा उचलते, सौ. तिच्या हातातून काढते. शोभा पुन्हा घेते. अंगणात दोघींची ओढाताण.
"माय, ठेव तो हंडा! तुले डॉक्टरीणनी काय सांगेल शे?"
"मन्हं व्हई गये. तुन्हं व्हवानं शे."
मी मधे पडलो. दोघी मिळून माझ्यावरच ओरडल्या. मग मीच गेलो. विहिरीवर चिडीचूप, पोहरे थांबले, हंडा भरून मिळाला. एकच. दुसऱ्यांदा जायला पाय उचलेना, कारण गोदाबाईचं ते बोलणं कानात. परत आलो तर सौ. घरात नाही. लहान कळशी घेऊन मागच्या बोळानं गेली होती. कळशी आहे, हंडा नाही, म्हणाली. तीन वेळा गेली, असं शोभानं सांगितलं.

आखाजी
पितरांची घागर भरली. घागरीवर डांगर, आंबे, सांजोरी. आईनं आजोबांचं, माझ्या वडिलांचं नाव घेतलं. ती घागर कुणी आणली ते मी विचारलं नाही, मला माहीत होतं. निंबावर झोका. शोभाला बसवलं, जोरात देऊ नका म्हणून सौ. दहादा बजावत होती. बाया गाणी म्हणत होत्या. मी लांब उभा. सौ. एकदम हसली, अगदी लग्नात हसली होती तशी. किती वेळ बघत राहिलो.
पुरणपोळ्या झाल्या तेव्हा ती चुलीपुढे पाटावर बसली नव्हती. भिंतीला टेकून उभी होती. बसत नाहीस का, म्हटलं. "उभी बरी शे."

२ मे
जावई येऊन शोभाला घेऊन गेले. चांगला मुलगा आहे. जाताना शोभा मला एकट्याला म्हणाली, "बाबा, मायले पाणी भरू देऊ नका." तिच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, नाही भरू देणार. बापाचा शब्द! आणखी काय देणार होतो.
शाळेला सुटी लागली. आता दिवसभर घरी. दिवसभर बघायला मोकळा.

४ मे
सौ. परसात गेली की उशिरा येते. लुगड्याच्या पदराचा एक तुकडा फाडलेला, दोरीवर वाळत होता. मला बघून तिनं तो काढून घेतला. विचारलं. "काही नही. जुना शे." मी तेवढ्यावर गप्प बसलो नाही, पुन्हा विचारलं. तर म्हणाली, "उन्हाळा सरू द्या."
आई ऐकत होती. तीच म्हणाली, "धुळाले दाखाडी ये तिले." आईच्या तोंडून हे! मला भरून आलं. उद्या सकाळच्या गाडीनं जायचं ठरलं.

५ मे
सौ. लवकर आवरून, धुवट लुगडं नेसून तयार. मी पिशवीत डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठ्या, भाकरी घेतल्या. उंबऱ्यातून बाहेर पाऊल टाकलं आणि टँकरचा भोंगा. आज वार नव्हता. काल नादुरुस्त होता म्हणे, म्हणून आज.
ती थांबली. घरात पाण्याचा थेंब नव्हता, आणि आई एकटी राहणार होती. "तुम्ही फाटावर व्हा. गाडी थांबाडा. मी एक खेप करी येस."
मी नाही म्हणालो. चांगलं जोरात म्हणालो, शेजारी ऐकू गेलं असेल. हंडा मी घेतला, तिला ओट्यावर बसवलं, आईला लक्ष ठेवायला सांगितलं. विहिरीवर आज गर्दी दुप्पट. कुणी पुढे जाऊ दिलं नाही, आणि का द्यावं? वाट बघत उभा राहिलो. गाडीचा आवाज फाट्यावर आला आणि गेला. हंडा भरून वळलो तर समोरून सौ. येत होती. धुवट लुगडं, डोक्यावर चुंबळ, मोठा हंडा. माझ्याकडे न बघता बायांमध्ये शिरली. तिला बघून बाया पुन्हा बोलायला लागल्या. मी मधे असूनही.
मी तिथं तिचा हात धरायला हवा होता. एवढ्या बायांमध्ये कसा धरू?
दुपारभर ती भिंतीकडे तोंड करून निजली. दुखतं का, विचारलं तर मान हलवली, होय की नाही ते कळलं नाही. पुढच्या आठवड्यात जाऊ, म्हटलं. बरं म्हणाली.
उन्हं कलल्यावर उठली. न्हाणीत जाऊन बंब पेटवला, मला हाक मारली.
"आज पानी शे. डोकावरथीन आंघोळ करी ल्या."
बादली भरून ठेवली होती. वर तांब्या, टॉवेल. मी तिच्याकडे बघितलं, ती बादलीकडे बघत होती. मग मी अंघोळ केली. बरं वाटलं. काय करू, बरं वाटलं.