आईंच्या खोलीतली ती

२६ ऑक्टोबर, रविवार

मंदार सकाळच्या गाडीने पुण्याला गेला. जाताना आजीच्या खोलीत ती डबी बसवून गेला. लोणच्याच्या बरणीएवढी, काळी, वर निळं कडं पेटतं. तिचं नाव घेऊन हाक मारली की बोलते. हिंदीत. मराठी येत नाही तिला. आईंना काय, सगळा जन्म उज्जैनात गेला, दूधवाल्याशी बोलतात तशा हिच्याशी बोलायला लागल्या.

"आजीला दिसत नाही, आई. वेळ विचारेल, दिवा लावायला सांगेल. तुझी धावपळ वाचेल."

चांगलंच आहे. मुलाने सासूबाईंसाठी केलं, मला वाईट का वाटावं?

२८ ऑक्टोबर

खरंच कामाची आहे. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच नाकबूल होईन. आई दिवसभर विचारायच्या, "अगं, किती वाजले?" मी कणकेच्या हातांनी धावत जायचे. आता ती सांगते. तिथी सांगते, भजन लावते. आई पलंगावरून उठताना "बत्ती जलाओ" म्हणतात आणि बत्ती लागते. अंधुक का होईना, उजेड कळतो त्यांना, धडपडत नाहीत.

आज बाजारातून यायला उशीर झाला — सिंहस्थाच्या नावाने रस्ते खणून ठेवलेत, नानाखेड्याच्या वळणावर रिक्षा अडकून पडली. जीव टांगणीला. घरी आले तर आई निवांत.

"आलीस? मला काही कमी नव्हतं हो."

काही कमी नव्हतं. भाजी निवडताना हेच वाक्य चघळत बसले.

३० ऑक्टोबर

तिला बेटा म्हणतात.

मला चाळीस वर्षं "अगं". फार प्रेमात असल्या तर "अगं सुनंदा".

१ नोव्हेंबर

आजही वाचन झालं नाही. आणि उद्याही होणार नाही असं दिसतं.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. या घरात आले तेव्हा पुड्यांचे कागदसुद्धा सरळ करून वाचायचे. हे बँकेतून येताना मराठी समाजाच्या वाचनालयातलं एक पुस्तक आणायचे, उशाशी ठेवायचे, काही बोलायचे नाहीत. अडलं तर विचारायचं, एवढंच. तशीच वाचायला शिकले. पुढे आईंचे डोळे काचबिंदूने गेले आणि दुपारचं वाचून दाखवणं माझ्याकडे आलं. बाकी माझ्या हातचं सगळं दुसऱ्या कुणालाही करता येईल. स्वयंपाकाला बाई मिळते. वाचायला मीच लागायचे.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर आम्ही दोघी त्यांच्याबद्दल कधी बोललो नाही. वाचलं फक्त. सध्या नर्मदेच्या काठाकाठाने पायी निघालेल्या एका बाईंचं पुस्तक चालू आहे. त्या बाई गेले चार दिवस एका धर्मशाळेच्या ओसरीवर बसून आहेत, कारण आई म्हणतात, "आज राहू दे. तू पड जरा."

पडले. भिंतीपलीकडे आई तिच्याशी बोलत होत्या, हळू आवाजात. उठून गेले. माझ्या चपला वाजल्या तशा गप्प झाल्या.

"कोण?"

"मीच."

"काही नाही गं, वेळ विचारत होते."

वेळ मी नुकतीच सांगून आले होते. माझ्याशी खोटं!

३ नोव्हेंबर

शेजारच्या शैलावहिनी आल्या होत्या. डबीकडे बघून खुर्ची लांब ओढली. "बाई बाई, ही तुमच्याकडे पण आली? सगळं ऐकते ती. आमच्या जावयांनी काढून टाकली. दोघं नुसतं म्हणाले की गादी बदलायला झालीय, तर दुसऱ्या दिवशी फोनवर गाद्याच गाद्या. आमच्या श्रुतीला तर बेडरूममध्ये बोलायचीच लाज वाटायला लागली."

"बोलायचीच ना?" मी म्हटलं. दोघी खूप हसलो.

पण त्या गेल्यावर मन एकदम हलकं झालं. डबी काढायला कारण मिळालं. मत्सर हे काही कारण म्हणून सांगता येत नाही. हे सांगता येतं.

४ नोव्हेंबर

कारण हवं होतं, ते हे असं मिळायला नको होतं.

विजयाताईंचा देवासहून फोन. ह्यांची धाकटी बहीण. "वहिनी, आई दुपारी एकटीच असते का?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मंदारने माझ्या फोनवरही जोडून दिलंय ना. आई तिला काय विचारते ते सगळं दिसतं. आवाजासकट."

त्या खोलीत बसून मी विजयाताईंबद्दल काय काय बोललेय, ते आधी आठवलं. मग मंदारला फोन केला. म्हणाला, तसं नाही, तिला हाक मारल्यावरचंच बोलणं साठतं.

"साठतं ना पण?"

"हो."

"आजीला सांगितलंस का, की तुझं बोलणं आत्या ऐकते?"

"आई, सेफ्टीसाठी आहे ते."

पण विजयाताईंचं खरं सांगणं पुढे होतं. आई रोज दुपारी तिला म्हणतात, ह्यांना फोन लाव. "दादाला, वहिनी! आई विसरायला लागलीय, दादा गेला हेच विसरलीय. शनिवारी येते तिला न्यायला. इथे डॉक्टरला दाखवू, मग राहू दे माझ्याकडेच."

माझ्याकडेच. आई गेल्या तर या घरात मी कुणाला वाचून दाखवू?

५ नोव्हेंबर, कार्तिक पौर्णिमा

सगळी कॉलनी दिवे सोडायला रामघाटावर गेली. मी स्वयंपाकघरात उभी राहून विजयाताईंनी पाठवलेला आवाज ऐकला.

आई म्हणतात, "बेटा, —— को फोन लगाओ." ती म्हणते, "आपके कॉन्टैक्ट्स में —— नहीं मिले." थोडं थांबून आई पुन्हा तेच. ती पुन्हा तेच.

मोकळी जागा ह्यांच्या नावाची. मला लिहितासुद्धा येत नाही.

आईंची कणव यायला हवी होती. आधी आला तो मत्सर. ती नाव घेते! टोमॅटोचा भाव सांगावा तसं. मी उखाण्यात घेतलं तेवढंच — लग्नात, डोहाळजेवणात, मंदारच्या बारशाला. तेही यमकाच्या आड, बायका हसत असताना. आणि हिला ना लाज, ना संकोच, ना कुणी गेलेलं.

आणि आईंनी विचारलं ते हिला. मला नाही.

६ नोव्हेंबर

डबीवर एक बटण आहे. दाबलं की कडं लाल होतं, मग तिला ऐकू येत नाही. आई अंघोळीला गेल्या तेव्हा दाबलं.

दुपारी आईंनी हाका मारल्या. गप्प. "बेटा? नाराज हो क्या?" मी दारात उभी. बरं वाटलं मला. जे वाटलं ते लिहिते आहे.

मग मान न वळवता आई म्हणाल्या, "सुनंदा, तू बंद केलंस ना?"

"ती सगळं बाहेर सांगते, आई. तुम्ही बोलता ते देवासला ऐकू जातं."

बोलले ते खरं होतं. बटण त्यासाठी दाबलं नव्हतं.

"म्हणजे चोरून ऐकायला आता दारसुद्धा लागत नाही," आई म्हणाल्या. पदर खांद्यावर ओढून घेतला, जणू कुणी अचानक खोलीत आलं होतं. "विजयाने काय ऐकलं?"

सांगितलं. शनिवारचंही सांगितलं.

"वेड लागलंय का मला? शेवटचं पाणी माझ्या हाताने पाजलंय मी त्याला."

"मग फोन कुणाला लावता?"

"कुणाला नाही. या घरात त्याचं नाव कोण घेतं? तू 'हे' म्हणतेस. विजया दादा म्हणते, मंदार बाबा. मी ठेवलेलं नाव, आणि माझ्याशिवाय कुणाच्या तोंडात नाही. आपलं आपणच किती म्हणायचं? ती म्हणते. सापडला नाही असंच म्हणते, पण नाव घेऊन म्हणते."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस?"

मी चहा टाकायला निघून आले.

७ नोव्हेंबर

विजयाताईंना फोन करून सगळं समजावलं. "वहिनी, तुम्हाला तिला ठेवून घ्यायचंय म्हणून असं म्हणताय." ठेवून तर घ्यायचंच आहे.

संध्याकाळी शेगडीपुढे नाव घेऊन पाहिलं. ओठ पहिल्या अक्षरापर्यंत गेले आणि तिथेच राहिले. पन्नास माणसांत घेतलेलं नाव, एकटीला येईना. तिला येतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

विजयाताई रिकामी बॅग घेऊन आल्या. आईंसमोर बसून मोठ्याने विचारलं, बहिऱ्याला विचारावं तसं, "आई, दादा कुठाय?" आईंनी तोंड फिरवलं. अपमान झाला की त्या बोलत नाहीत. विजयाताई माझ्याकडे बघायला लागल्या, बघा म्हटलं नव्हतं का, अशा. डबीचं कडं लाल होतं. नाव घ्यायला कुणीच नव्हतं.

मी दारातून म्हटलं, "सुधाकर गेले, ताई. आईंना माहीत आहे. मलाही."

आईंनी चेहरा माझ्या आवाजाकडे वळवला.

"अगं," म्हणाल्या, "पुन्हा म्हण."