चोपन्न नंबरचं हेल्मेट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा हेल्मेटची विक्री आणि लोकांच्या मोटरसायकली एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवणे, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. पण हे मी म्हणून भागत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. चाळीस वर्षं दुसऱ्यांची डोकी मोजली आणि माझ्याच डोक्याचा दाखला बाहेरून आणावा लागला. असो. मला कोणी भरीस घातलेलं नाही की धमकावलेलं नाही. मला धमकावणारा माणूस अजून भेटायचा आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. आता करते आहे ते आजारपणामुळे नव्हे. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. कारण आहे ते कलम सहा. एक गोष्ट मी एकेचाळीस वर्षं पोटात ठेवली आहे, ती माझ्याबरोबर जाता कामा नये. खरं तर तिथूनच सुरुवात करणार होते, पण आधी घरदार आणि मग बाकीचं अशी रीत असते म्हणे. तेव्हा क्रमाने.

कलम १. वरच्या दोन खोल्या मुलाला. खिडकीजवळची भिंत त्याने लहानपणी खिळ्याने कोरली आहे, ती मी मुद्दाम रंगवली नाही. त्यानेही रंगवू नये.

कलम २. खालचं दुकान सुनेला, तिच्या एकटीच्या नावाने. मुलाने तोंड वाकडं करू नये. तो गुणी आहे, पण गिऱ्हाईक मागेल ते काढून देतो. सून गिऱ्हाइकाला लागेल ते देते, आणि पटलं नाही तर परत पाठवते. दुकान तिने चालवावं. बँकेत जे काही आहे ते दोघांनी निम्मं निम्मं घ्यावं आणि त्यावरून माझ्या फोटोसमोर वाद घालू नये.

कलम ३. माझी मापाची टेप, कापडी, पिवळी, पहिले तीन आकडे पुसलेली, हीसुद्धा सुनेला. तिला सगळं ठाऊक आहे, तरी लिहून ठेवते, कारण उद्या ती कोणाला तरी शिकवेल. टेप भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून, मागे डोकं सगळ्यात फुगीर असतं तिथून फिरवायची. आकडा हा फक्त अंदाज. मग हेल्मेट घालायला लावायचं. गाल दाबले गेले पाहिजेत, गिऱ्हाईक म्हणतं, "घट्ट होतंय हो." होऊ दे. डोकं हलवलं की कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. पट्टा लावून हेल्मेट मागून वर ओढून बघायचं. निघून आलं तर ते त्या डोक्याचं नव्हे. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तिसरं नको. त्यानंतर गिऱ्हाइकाला पंधरा मिनिटं तसंच बसवायचं. लोक वैतागतात. एक शिक्षक माझ्यावर चिडून हेल्मेटसकट घरी गेले होते आणि तासाने परत येऊन म्हणाले, "कपाळ दुखतंय." म्हटलं, "म्हणून तर बसा म्हणत होते." त्यांना एक नंबर मोठं दिलं.

एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा घालायचं नाही, आणि एकाचं दुसऱ्याला द्यायचं नाही. म्हणून माझं स्वतःचं हेल्मेट मी कोणालाही ठेवत नाही. ते मोडीत काढावं.

कलम ४. टेम्पो, गाडी वर चढवायची लोखंडी फळी, पुढचं चाक अडकवायचा स्टँड आणि सगळे बेल्ट सुनेला. यातले दोन निळे बेल्ट आमच्या ह्यांनी घेतलेले आहेत. ते आता वापरायच्या लायकीचे नाहीत, पण फेकू नयेत. हे टेम्पो चालवायचे आणि मी गाड्या बांधायची, म्हणून रस्त्यावरच्या सगळ्या पंपांवर मला 'बेल्टवाली' म्हणत. गाडी बांधायची ती चारी कोपऱ्यांतून, पुढचे शॉकअप निम्मे दबेपर्यंत. हँडलच्या मुठींना बेल्ट लावणाऱ्याला मी टेम्पोवर चढू देत नसे. पेट्रोल जेमतेम ठेवायचं, आरसे काढून जुन्या चादरीत गुंडाळायचे, साइड स्टँड वर घ्यायचा. सुरुवातीच्या दहा किलोमीटरनंतर थांबून सगळे बेल्ट पुन्हा एकदा हाताने बघायचे. हे तेवढ्यात थर्मासमधला चहा झाकणात ओतायचे. झाकण एकच होतं. आधी मी प्यायची, मग हे. जगात कितीतरी ठिकाणी चहा प्यायले असेन, पण तसा पुन्हा मिळाला नाही. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली आणि मी अजून दहा किलोमीटरला थांबायला सांगते. सून न बोलता थांबवते. त्याबद्दल तिला माझे आशीर्वाद वेगळे.

कलम ५. शेजारच्या दुकानदारास. तो वीस वर्षं हेल्मेट म्हणून वाडगे विकतो आहे आणि मला 'म्हातारी भिववते' म्हणतो. आतलं थर्माकोल दिसावं म्हणून मी करवतीने अर्धं कापलेलं हेल्मेट काउंटरवर आहे, ते त्याला द्यावं. सोबत चिठ्ठी नको. त्याला समजेल.

कलम ६. मोटरसायकल. ती माझी एकटीची नाही. मी आणि माझी धाकटी बहीण, आम्ही दोघींनी मिळून घेतलेली आहे. तेव्हा मी सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर होते आणि ती शिवणकाम करत होती. कागदावर दोघींची नावं आहेत. वडील म्हणाले होते, "दोन पोरी आणि एक मोटरसायकल, आता स्थळं कशाला येतात?" आम्ही हसून हसून बेजार झालो होतो. रविवारी सकाळी निघायचो, मी पुढे, ती मागे. ती माझ्या पाठीवर बोटाने शिलाईचे नमुने काढायची आणि मी ओळखायचे. ते दिवस मला फार आठवतात. त्या मोटरसायकलवर आम्ही जेवढं बोललो तेवढं पुढच्या एकेचाळीस वर्षांत बोललो नाही.

हेल्मेटं मी निवडली. दोन्ही पांढरी, एकाच नंबरची, माझ्या डोक्याची. सारखी दिसली की झालं, एवढीच तेव्हा अक्कल. तिचं डोकं लहान. ती म्हणाली, "ताई, हे हलतंय गं." मी म्हटलं, "आत रुमाल घाल." तिने घातला. पट्टा मी माझ्या हाताने लावला, बक्कल वाजलं ते मी ऐकलं. पुढे वळणावर खडी होती. मी जोरात होते. गाडी घसरली आणि ती जमिनीवर आपटायच्या आधीच हेल्मेट तिच्या डोक्यावरून निघून गेलं.

मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने आम्हाला दवाखान्यात नेलं. ते हेल्मेट माझ्या मांडीवर होतं, बक्कल तसंच लावलेलं, रुमाल आत. वडील जिन्यावरून येताना दिसले तेव्हा मी रुमाल कमरेला खोचला आणि ते बक्कल उघडलं. वडिलांनी हेल्मेट हातात घेतलं आणि म्हणाले, "पट्टा लावलाच नव्हता हिने." मी गप्प बसले.

बहिणीचा डावा कान गेला आणि भुवईतून व्रण राहिला. शुद्धीवर आल्यावर सगळ्यांनी तिला तेच सांगितलं आणि तिला ते पटलं. त्या दिवसापासून घरात तिचं नाव 'वेंधळी' पडलं. भाजी करपली, वेंधळी. किल्ली हरवली, वेंधळी, मग किल्ली कोणी का हरवलेली असेना. तिच्या लग्नातसुद्धा तिच्या सासूला आईने हसत हसत सांगितलं, "जरा वेंधळी आहे, सांभाळून घ्या." मी तिथेच उभी होते.

पुढे आईच्या शिलाई मशीनवरून मी तिच्याशी भांडण उकरून काढलं. मला मशीन नको होतं, मला साधं बटणही लावता येत नाही. तिच्या भुवईकडे बघवत नव्हतं, म्हणून भांडण हवं होतं.

तो टेम्पोवाला म्हणजेच आमचे हे. दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी मला बक्कल उघडताना पाहिलं होतं. लग्न झालं, धंदा उभा राहिला, पण त्यांनी तो विषय कधी काढला नाही. शेवटच्या आजारात फक्त एकदा म्हणाले, "तिला सांगून टाक गं." मी मान डोलावली आणि सांगितलं नाही.

म्हणून: माझ्या पश्चात ही मोटरसायकल सुनेने कलम ४ प्रमाणे बांधून बहिणीच्या दारात उतरवावी. सोबत चोपन्न नंबरचं नवं हेल्मेट आणि हे कलम द्यावं.

(इथपर्यंतचं कच्चं लिखाण मी सुनेला वाचायला दिलं. तिने कलम सहा वाचलं, टेप गुंडाळून ठेवली आणि म्हणाली, "आई, डोकं समोर नसताना हेल्मेट द्यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना मला?" मला राग आला. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "फळी लाव.")

कलम ६ ची दुरुस्ती. वरील कलमातली शेवटची दोन वाक्यं रद्द समजावीत. मोटरसायकल मी हयातीतच बहिणीच्या दारात उतरवून दिली आहे, कागदावरचं माझं नावही कमी केलं आहे. ती आता माझ्या मालमत्तेत नाही.

जे घडलं ते नोंदवते. बहिणीने दार उघडलं. केस पांढरे झाले आहेत, व्रण तसाच आहे. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहून सगळं सांगितलं, कारण आत गेले असते तर चहा झाला असता आणि मग मला धीर झाला नसता. तिने उजवा कान माझ्याकडे केला. म्हणाली, "बक्कल लावलेलं होतं?"

"होतं."

"तू उघडलंस?"

"मी उघडलं."

ती पायरीवर बसली. "मी अजून घराबाहेर पडताना गॅस तीनदा बघते," ती म्हणाली. "कुलूप चारदा. नातवंडांना एकटीने रस्ता ओलांडून नेत नाही. मला वाटायचं, माझा काही भरवसा नाही."

मी रडले. ती रडली नाही, तिने मला गप्पही केलं नाही. मग उठून आत गेली आणि आतूनच म्हणाली, "मशीन मात्र देणार नाही."

मी तीन हेल्मेटं नेली होती. टेप सुनेने फिरवली. चोपन्नचं बसलं. बहिणीने डोकं हलवून पाहिलं, मागून ओढून पाहिलं, मला विचारलं, "रुमाल नको ना?" आणि पंधरा मिनिटं तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "बसेन तर मागेच बसेन. पण पुढे तू नकोस." सुनेने तिला मोटरसायकलवर मागे बसवून गल्लीतून एक चक्कर मारून आणलं.

कलम ७. 'वेंधळी' हे नाव मी परत घेते. आमच्या नात्यात ते जो कोणी उच्चारेल त्याला माझ्या मालमत्तेतला चमचाही मिळू नये. असं कायद्यात बसत नाही, असं वकीलबाई म्हणतात. तरी राहू दे.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये असा नियम आहे. बहिणीला आता यातून काहीच मिळायचं नाही, म्हणून ती साक्षीला येऊ शकली. वरचा मजकूर मी लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत खाली सही केली.

ठिकाण: दुकानाच्या मागची खोली, बेल्टांच्या खुंट्यांखाली
दिनांक: १४ मार्च

सही: (दुकानाच्या पाटीवर आहे तेच नाव)

साक्षीदार १: समोरचे चष्मेवाले. "बाईंनी माझ्यासमोर सही केली. चष्मा लावून केली."

साक्षीदार २: लिहून देणारीची धाकटी बहीण. "सगळं दोनदा वाचून सही केली आहे. कलम सहामध्ये एक चूक आहे. हेल्मेटं पांढरी नव्हती, फिकट आकाशी होती. बाकी बरोबर."