सहीखालचं टिंब

१८ फेब्रुवारी
साहेबांनी आज पुन्हा यादी टेबलावर आपटली. नव्या जलवाहिनीसाठी पालिकेने रोखे काढलेत. ते आम्हीच घ्यायचे, दर महिन्याला पगारातून पाचशे कापून. परिपत्रकात "ऐच्छिक" लिहिलंय. साहेब म्हणतात, "ऐच्छिकच आहे, पण शंभर टक्के पाहिजे." म्हणे ऐच्छिक! संमतीचे फॉर्म गोळा करायचं काम पगार शाखेच्या, म्हणजे माझ्या गळ्यात. एकशे बारापैकी एकशे अकरा आले. उरला पंपघरातला ऑपरेटर — माझा सख्खा दादा.

१९ फेब्रुवारी
"घरचंच माणूस, आणा की सही." साहेबांना काय जातंय सांगायला!

दोन वर्षं आम्ही बोलत नाही. आई गेली त्या दिवशी तो पाळी सोडून आला नाही. "मी हललो तर अर्ध्या गावाचं पाणी बंद होईल," फोनवर एवढंच. मी चारचौघांत म्हणाले, तुझा आम्हाला काही उपयोग नाही. तेव्हापासून त्याने माझ्या घराचा उंबरा ओलांडला नाही. मीही त्याच्याकडे गेले नाही. एकाच माळेचे मणी.

२० फेब्रुवारी
केली. त्याची सही मीच केली. साडेपाचला यादी वर जाणार होती, पाच वीसला केली.

लहानपणी त्याच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मीच ठोकायचे — खाली रेघ, रेघेखाली टिंब. हात तयार आहे. वारसाच्या रकान्यात "कोणी नाही" लिहिलं. त्याने लग्न केलं नाही, आई-बाबा गेले. माझं नाव कोणत्या तोंडाने लिहू?

२१ फेब्रुवारी
टिंब! दादा सहीखाली नुसती रेघ मारतो. टिंब बाबांचं. सवयीने दिलं गेलं. फॉर्म साहेबांच्या कपाटात, कुलूपबंद.

३ मार्च
पगार झाले. दादाचा अर्ज थेट लेखापरीक्षकांकडे — "मी संमती दिलेली नसताना पाचशे रुपये कापले. फॉर्म दाखवावा." बरोबरच आहे त्याचं. साहेबांनी काखा वर केल्या. "फॉर्म तुम्ही आणलात, बाई."

उद्या अकराला लेखापरीक्षकांनी दादाला आणि मला, दोघांनाही बोलावलंय. नोकरी जाईल. भीती वाटते, पण त्याहून लाज वाटते. कबूल करून टाकणार आहे.

४ मार्च
मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादाने फॉर्म पुढे ओढला. बोट सहीखाली येऊन थांबलं, बरोबर टिंबावर. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सही माझीच आहे," तो लेखापरीक्षकांना म्हणाला. "विसरलो होतो. वारस तेवढा चुकलाय."

खिशातलं पेन काढून त्याने "कोणी नाही" खोडलं. वर माझं नाव लिहिलं आणि पुढे नातं — बहीण.