डस्टर माझ्याकडे आलं तेव्हा

पुणे,
शनिवार, १८ जानेवारी २०२५, सकाळ

तीर्थरूप सर,

सप्रेम जयभीम.

हे पत्र लिहायचं मी आठवडाभर टाळलं, हे आधीच सांगून टाकतो. सोमवारी पेन नव्हतं. मंगळवारी माझा मित्र रणजितने पेन दिलं, पण देता देता म्हणाला, चल, शेवंतीचे ट्रक उतरताना बघ. म्हणून मार्केट यार्डात गेलो, आणि तिथे एक म्हातारे हमाल गोणी डोक्यावर घेऊन शिट्टी वाजवत होते. ओझ्याखाली शिट्टी कशी वाजते हे बघण्यात दुपार गेली. त्यानंतर काय झालं ते सांगण्यासारखं नाही, कारण काहीच झालं नाही. नुसतं लिहिलं नाही.

मी बरा आहे. तुमचा खोकला कसा आहे? आई फोनवर म्हणते, "खडूनं होतो, सुट्टीत जातो."

'तीर्थरूप सर' हे कागदावर विचित्र दिसतंय. 'पप्पा' लिहून पाहिलं होतं, पण ते दुसऱ्याच कुणाचे तरी वडील वाटायला लागले. पाचवीत तुमच्या शाळेत आलो तेव्हा तुम्ही दारातच सांगितलंत, शाळेत सर म्हणायचं. ते घरीही तसंच राहिलं. आईसुद्धा सरच म्हणते, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलं नाही. इथे सांगितलं तर सगळे हसले, आणि मग हळूच दोन मॅडम म्हणाल्या, आमच्याकडेही तसंच आहे.

'इथे' म्हणजे कुठे, ते तुम्हाला माहीत नाही. आईला अर्धवट सांगितलं आहे. मी येरवड्यात आहे. तुरुंगात नाही, तुमचा विचार तिकडे जायच्या आधीच सांगतो. इथल्या एका शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये शिक्षकांचं प्रशिक्षण चालू आहे.

हंपीहून आल्यापासून मी रणजितच्या मामाच्या फुलांच्या गाळ्यावर होतो. उद्घाटनाची फुलं पोचवायला इथे आलो. हार ठेवले आणि मागे बसलो, कारण समोसे यायचे होते. पुढे एक बाई सांगत होत्या की वर्ग म्हणजे नुसती एकामागे एक डोकी नव्हेत, वर्गातल्या मुलांनी एकमेकांना धरून ठेवलं पाहिजे, आणि शिक्षकाने त्यात स्वतःही बसलं पाहिजे. मी मागून विचारलं, "पण शिक्षक बसला की फळ्यावर कोण लिहिणार?" सगळे वळले. बाई म्हणाल्या, "आपण कुठल्या शाळेचे?" मी म्हणालो, "कुठल्याच नाही. कॉलेजही अर्धंच केलंय." त्या म्हणाल्या, "मग थांबा. आपलीच कमी होती."

त्या उत्कर्षाताई. प्रशिक्षण त्या घेतात. त्यांची पद्धत अशी की शिक्षकांना शिकवायचं तर खोलीत मुलंही पाहिजेत, आणि तीही शाळा सुटलेली किंवा सुटत आलेली. त्यामुळे आठवी ते दहावीचे शिक्षक आणि आम्ही काही जण, असे रोज सतरंजीवर गोल करून बसतो. एक वस्तू हातोहात फिरते. ज्याच्या हातात ती, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. बस, एवढंच.

पहिल्या दिवशी वस्तू आणायला उत्कर्षाताई विसरल्या. शेजारच्या वर्गातून कुणीतरी डस्टर आणलं. तेच आता कायम झालं आहे. डस्टर हातात आलं की शिक्षक आपोआप उभे राहतात, मग लक्षात येतं, मग बसतात. सर, तुम्हीही उठला असता.

या सगळ्यांत रंगनाथ सर म्हणून एक आहेत. तुमच्याच वयाचे, गणिताचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "गोलात बसून कल्याण होत असतं, तर लग्नाच्या पंगतीतून सगळे पदवीधर होऊन उठले असते." शेजारच्या मॅडमनी विचारलं, "पंगत गोल कुठे असते, सर?" तर म्हणाले, "तेच म्हणतोय, शिस्त होती तेव्हा." मला ते आवडतात. चहाच्या वेळी मी त्यांना शून्याबद्दल विचारलं, तर त्यांचा चहा गार झाला. माझाही झाला.

आता निकिताचं सांगतो. तिचं सांगितल्याशिवाय मला पुढचं सांगता येणार नाही.

निकिता सोळा वर्षांची आहे, इथेच मागच्या वस्तीत राहते. नववीत शाळा सुटली. सुरुवातीला ती डस्टर आलं की नुसतं पुढे सरकवायची. बुधवारी ते तिने मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आईचं ऑपरेशन होतं म्हणून मी खूप दिवस घरी होते. नंतर परत गेले. हजेरी घेतली, मी हजर म्हटलं, पुढचं नाव घेतलं. मला वाटलं आता कोणी विचारेल कुठे होतीस. कोणीच विचारलं नाही. मग मला वाटलं, नाही आले तरी चालतंय." एवढंच. रडली नाही की काही नाही.

रंगनाथ सर म्हणाले, "वा, फार छान बोललीस. हिच्यासाठी एकदा टाळी." आणि सगळ्या शिक्षकांनी ती वाजवली, आपली शाळेतली. एक-दोन, एक-दोन-तीन. एका तालात, एकही हात चुकला नाही.

निकिताने डस्टर सतरंजीवर ठेवलं, चपला घातल्या आणि निघून गेली.

कुणालाच कळेना काय झालं. रंगनाथ सर म्हणाले, "कौतुक केलं. आता कौतुकालाही परवानगी काढायची का?" उत्कर्षाताई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "ती काय म्हणाली, कोण सांगेल?" एक मॅडम म्हणाल्या, "नियमित उपस्थितीचं महत्त्व." दुसरे एक सर म्हणाले, "कौटुंबिक अडचणी." उत्कर्षाताई म्हणाल्या, "तिचे शब्द." मग एक-दोघांनी वह्या चाळल्या, त्यात ते नव्हतं. रंगनाथ सरांचे हात मघाशी टाळीसाठी जवळ आलेले तसेच मांडीवर पडून होते. ते मला अजून दिसतात.

मी तिथे बसून तुमचा विचार करत होतो. वाईट अर्थाने नाही. मला खरंच प्रश्न पडला होता की शिक्षक टाळी का वाजवतात. ऐकलेलं सहन होत नाही म्हणून, की तास संपवायचा असतो म्हणून, की त्यांनाही कुणी दुसरं काही शिकवलेलंच नसतं म्हणून?

गुरुवारी निकिता आली नाही. काल आली. दारात उभी राहिली, कुणाकडे न बघता. रंगनाथ सर उठले, परत बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "काल कुठे होतीस?"

"दळण आणायला," ती म्हणाली.

आणि हॉल असा हसला की खालून शिपाई वर आला. तीही हसली. रंगनाथ सर गंभीरपणे म्हणाले, "गहू की ज्वारी?" आणि सरकून तिला जागा करून दिली. सर, या प्रशिक्षणावर उद्या कोणी अहवाल लिहील, त्यात हे येणार नाही. पण मला वाटतं प्रशिक्षण तेवढंच होतं, बाकीचे दिवस आम्ही सतरंजी गरम करत होतो.

त्यानंतर डस्टर फिरत फिरत माझ्याकडे आलं.

मी कात्रजच्या सर्पोद्यानाची गोष्ट सांगितली. तिथे अजगराच्या काचेवर लोक टकटक करतात, टाळ्या वाजवतात, आणि तो ढिम्म हलत नाही. मग लोक म्हणतात, खोटा आहे. मी तिथे इतका वेळ उभा राहिलो की शेवटी तो हलला, पण तेव्हा माझ्याशिवाय कोणी नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं. उत्कर्षाताई म्हणाल्या, "अजगर चांगला होता. आता तुमचं."

माझं असं काही नाही म्हणालो आणि डस्टर पुढे दिलं. हाताला खडू लागला होता. तो मी पँटला पुसला, जसा तुम्ही पुसत नाही. तुम्ही रुमालाला पुसता.

आता मुद्दा. आज दुपारी शेवटचा गोल आहे. आम्ही प्रत्येकाने आपल्या एका शिक्षकाचं नाव घ्यायचं आणि त्यांना बोलवायचं. त्यांनी यायचं, आपल्या शेजारी बसायचं, ऐकायचं. गोलात उत्तर द्यायचं नाही. बोलावणं हाताने लिहून पाठवायचं, असं उत्कर्षाताईंनी सांगितलं होतं. सगळ्यांनी पाठवलं. निकिताने तिच्या नववीच्या वर्गशिक्षिकेचं नाव घेतलं, त्या येतायत. फळ्यावर सगळ्यांच्या नावापुढे त्यांच्या शिक्षकांची नावं आहेत. माझ्या नावापुढे काही नाही. काल उत्कर्षाताईंनी खडू घेऊन विचारलं, "समाधान, तुमच्यापुढे काय लिहू?" मी म्हणालो, "ते गावाला गेलेत." कुठलं गाव म्हणून विचारतील या भीतीने मी खिडकीतून बघायला लागलो, तर खाली एक माणूस सायकलवर कपाट नेत होता, आणि मी ते सगळ्यांना दाखवलं.

परवा आईला फोनवर हे शनिवारच्या बोलावण्याचं आणि कुठल्या शाळेत ते सांगितलं तर तिने लगेच विचारलं, "मग तू कुणाचं नाव घेतलंस?" मी म्हणालो, रेंज जातेय.

सर, मी सातवीत पहिल्या बाकावर होतो. तुम्ही प्रश्न विचारायचात आणि माझा हात वर असायचा. उत्तर येत असो नसो, वर असायचा. तुमची नजर खिडकीकडच्या रांगेतून निघायची, माझ्यापर्यंत यायची आणि मागच्या बाकावर जायची. मग मागचं कोणीतरी उठून चुकीचं सांगायचं. वर्षभर तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. आठवीतही नाही.

कारण मला माहीत आहे. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं होतं, घरचाच पोरगा आहे, त्यालाच पुढं काढणार. तुम्ही ते आईला सांगत होता तेव्हा मी ओट्याखाली सायकलची चेन बसवत होतो. तुम्ही म्हणालात, "उद्यापासून कुणाला बोट दाखवायला जागा ठेवणार नाही." आणि ठेवली नाहीत. आपल्यासारख्यांना किती जपून राहावं लागतं हे मला आता कळतं, तेव्हा फक्त हात दुखायचा.

मग मी हात वर करायचा बंद केला. त्याचा आणि पुढच्या सगळ्याचा, कॉलेज सोडण्याचा, हिंडण्याचा काही संबंध आहे का, मला माहीत नाही. कदाचित मी तसाही हिंडलोच असतो. पण मी जिथे जातो तिथे अनोळखी माणसांना प्रश्न विचारत बसतो, आणि ते माझ्याकडे बघून उत्तर देतात, तेव्हा मला जरा जास्तच बरं वाटतं.

तक्रार नाही. तुम्हाला दोष द्यायला गोलात बसवायचं नाही. मला एकच विचारायचं होतं. तो हात तुम्हाला दिसायचा का? रोज दिसायचा आणि तुम्ही रोज सोडून द्यायचात, की न बघायचं ठरवल्यावर थोड्या दिवसांनी तो खरंच दिसेनासा होतो? शिक्षकांचं काय होतं ते मला कळत नाही. रंगनाथ सरांना विचारणार होतो, पण हा प्रश्न त्यांचा नाही.

हे मी नीट वेळेवर विचारलं असतं तर तुम्ही हो किंवा नाही म्हणाला असता. आत्ता या कागदाचा फोटो काढून आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तरी तुमची शनिवारची सकाळची शाळा सुटेपर्यंत ती तुम्हाला दाखवणार नाही, आणि मग दौंडहून निघून गोलाच्या वेळेला पोचणं होणार नाही. हे मला सोमवारपासून माहीत होतं. बहुतेक म्हणूनच आज लिहायला बसलो. बोलावलं असंही झालं आणि तुम्ही आला नाहीत असंही झालं, कुणालाच काही करावं लागलं नाही.

पण लिहून झाल्यावर ते आता बरं वाटत नाहीये. म्हणून फळ्यापाशी जाऊन माझ्या नावापुढे तुमचं नाव लिहून आलो. भीमराव सर. खडू ओला होता, अक्षर वाईट आलं. जागा रिकामी राहिली तरी चालेल, ती कुणाची आहे हे दिसू दे.

गोळ्या वेळेवर घ्या. आईला सांगा, स्वेटर मिळालं, बाह्या आखूड आहेत, पण घालतो.

तुमचा,
पहिल्या बाकावरचा,
समाधान

ता. क. — पाकीट नाही, म्हणून कागदाची घडी घालत होतो, तेवढ्यात हॉलच्या दारात आई. तुमच्याशिवाय कधी स्टेशनापर्यंत न गेलेली आपली आई, हातात डब्याची पिशवी, तीन मजले चढून धाप लागलेली. मी म्हटलं, "तू इथे कशी? सर कुठे आहेत?"

"खाली गेटवर," ती म्हणाली. "किरकोळ रजा टाकलीय. पहाटेच्या गाडीनं आलो. वर चला म्हटलं, तर म्हणतात, त्यानं माझं नाव घेतलंय का ते आधी विचारून ये. घेतलं नसेल तर डबा दे आणि चल."

सर, तिथेच थांबा. मी खाली येतोय.