आंब्याची हिरवी गिटार

१२ जून २००३

हितेशने पेठच्या सॉ मिलमधून आंब्याची फळी आणली. मला रंगाच्या दुकानातून ओढत मागच्या शेडमध्ये नेलं. डिस्टेंपरचं गिऱ्हाईक समोर उभं होतं — तरी!

"भाभी, नुसतं बघा." त्याने ओलं फडकं फिरवलं आणि लाकडात लाटा उठल्या. आडव्या, बारीक, एकीला लागून एक, पातळाच्या निऱ्या धराव्यात तशा. फळी वाळली, लाटा झोपल्या. पुन्हा फडकं, पुन्हा लाटा. मी पुन्हा पुन्हा करायला लावलं. तोंडाने म्हटलं, "बरी आहे."

माझा दीर, अडतीस वर्षांचा घोडा, पण फळी दाखवताना अगदी तसाच दिसत होता — मी लग्न होऊन कळंबला आले तेव्हा माझ्या हातून जेवायचा, तसा. आधी रेडिओ दुरुस्त करायचा. मग नारायणगावच्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या इलेक्ट्रिक गिटारी दुरुस्त करता करता स्वतःच बनवायला लागला. आतापर्यंतच्या सगळ्या चकचकीत, मोटारीसारख्या रंगवलेल्या. ही पहिली, जिच्यात लाकूड दिसायला हवं. आणि हिरवी हवी.

कुणाला हवी, ते मला ठाऊक आहे. निमगाव सावाची तेजस्विनी. आमच्या जैनांतली नाही. शाळेत संगीत शिकवते, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवते. याला तिच्याशी लग्न करायचंय. होळीलाच माझ्यापाशी बोलला — "आईला तुम्ही विचारा ना."

मी नाही विचारणार! ज्याला लग्न करायचं त्याने तोंड उघडावं. सासूबाईंनी पुतणीच्या परजातीतल्या लग्नानंतर तिच्या घरचं पाणीही घेतलं नाही, हे त्यालाही माहीत आहे. म्हणून तर माझ्यामागे लपतोय.

१४ जून

आज सासूबाईंनी कोर्ट भरवलं. डोळ्यांना आता फक्त उजेड-अंधार कळतो, पण शेडमध्ये काय चाललंय ते सगळं कळतं.

"वरून काय लावणार?"

हितेश म्हणाला, "चपड्याचं पॉलिश."

"म्हणजे लाख. किडे मारून केलेली. माझ्या घरात नाही."

"आई, तुझ्या लग्नातला चुडा लाखेचाच होता की!"

"होता. कळलं त्या दिवशी उतरवला." थोड्या वेळाने — "आणि तारा कशावरून जातात? मागे तू हाडाचा तुकडा आणला होतास."

हाड बाद. पितळेचा तुकडा घासून बसवणार. लाख बाद. हितेश माझ्याकडे बघत बसला, जणू मी लाख शोधून काढली.

१७ जून

बी.एस्सी. केमिस्ट्री, सेकंड क्लास, पुणे. इतकी वर्षं त्याचा उपयोग काय, तर गिऱ्हाइकाला सांगायचं की थिनर जास्त ओतू नका. आज कामी आलं!

लाखेऐवजी एन.सी. लॅकर, वरून मारायचा पारदर्शक थर. मी सासूबाईंना समजावून सांगितलं — हा कापसापासून होतो. कापूस, त्यावर ॲसिड. त्यात किडा नाही, हाड नाही.

"कापूस?" त्यांनी पदराचं टोक चाचपलं. "हाच?"

"हाच."

"मग चालेल." आणि वर, "तुझ्या बापाने शिकवलं ते बरं केलं." चौतीस वर्षांत पहिल्यांदा. मी पोळ्या करायला गेले. पहिली पोळी करपली.

२५ जून

रंग फसला. हितेशने बाजारातली हिरवी भुकटी स्पिरिटमध्ये विरघळवून आंब्याच्या तुकड्यावर फासली. मंडपाचं कापड! लाटा मेल्या.

त्याला सांगितलं, एकदम रंगाकडे धावू नकोस. आधी काळा लाव, अख्खा काळा. वाळला की घास. वरवरचा निघेल, लाटांच्या खोलगटात तेवढा राहील. मग रंग. आणि हिरवा कशाला? आंबा मुळात पिवळट. निळा लाव, पिवळं तो आपलं आपण घालेल.

"भाभी, तुम्ही दुकानात बसून वाया गेलात."

"आणि तू गिटारी करून मोठे दिवे लावलेस! घास."

संध्याकाळी तुकडा घेऊन आला. ओल्या गवतावर ऊन पडल्यासारखा हिरवा. हलवला की लाटा हलतात. मी तो तुकडा स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी ठेवलाय. का, कोण जाणे.

३ जुलै

फळी उभी चिरून पुस्तकासारखी उघडली — दोन्हीकडच्या लाटा मधोमध एकमेकींना भेटतात. पातळच निघाली. ती खालच्या सागाच्या अंगावर चिकटवली. घासून घासून हितेशच्या बोटांची कातडी गेली. उद्या काळा रंग.

४ जुलै

काय लिहू!

सकाळी काळा रंग लावला. मी उभी होते. फडक्याने सारखा करत गेला, आणि वरच्या कडेला, डाव्या अंगाला, रंग धरेना. फिकट डाग. मग त्या डागाला बोटं फुटली. पाच. करंगळी वाकडी.

करंगळी वाकडी घरात एकीचीच आहे.

सासूबाई पहाटे डोक्याला खोबरेल लावून शेडमध्ये गेल्या होत्या. रंगाखाली एखादा जीव गाडला जाऊ नये म्हणून भोकं, कीड, काही आहे का, ते हाताने बघत होत्या. धान्य निवडतानाही अशाच करतात. तेलकट हात अख्खा टेकवला, तेल जाग्यावर जिरलं.

हितेशने फडकं उचललं. थिनरने पुसलं — थोडं गेलं, थोडं पसरलं. तासावं तर फळी पातळ, खालचा साग उघडा पडेल. अशा लाटांचं दुसरं लाकूड कुठून आणायचं? मिलवाला म्हणतो, अशी फळी त्यानेच पहिल्यांदा पाहिली.

मी हितेशला दटावलं, "आईला कळता कामा नये."

५ जुलै

आमच्या यांना गुपित पोटात ठेवता येत नाही! चहा पिता पिता आईला सांगून मोकळे. सासूबाईंनी आज उपास धरला. "मी जीव वाचवायला गेले, पोराचं काम मारलं." एवढंच. हितेश पायाशी बसून राहिला. "अगं आई, लाकूडच आहे."

लग्नाचं विचारायला हा मुहूर्त चांगला नाही, एवढं त्यालाही कळलं.

८ जुलै

तेजस्विनी आली. तिचे वडील सोपानराव मोटरसायकलवरून सोडायला आले. धिप्पाड माणूस, टोपी काढून दारातच उभे.

"आत या की."

"नको ताई, पायाला चिखल. पावणं, एक विचारू का?" — हे यांना. "तुमच्यात कांदा चालत न्हाई म्हणं?"

"नाही," हे म्हणाले.

"मग आमी तुमच्या दारात बसावं का न्हाई? आमचा सगळा संसारच कांद्यावर!" आणि गडगडून हसले. हेही हसले. सोपानरावांना लग्नाची कुणकुण असावी. नसती तर कांद्याचं कशाला काढतील?

सासूबाई ओट्यावर होत्या. "कोण आलंय? इकडे ये." तेजस्विनी वाकून पाया पडली. सासूबाईंनी तिचा हात धरला तो सोडेचनात. बोटं एकेक दाबून पाहिली. मला वाटलं, आता उलटतपासणी.

"बोटांची टोकं कडक का गं? खुरपतेस?"

"तारांनी झालीत, आजी. खुरपते पण, सुट्टीत."

"कांदा?"

"खाते. लावते, काढते पण."

शेडमधला हितेश हे ऐकत होता. त्याच्या हातून पॉलिश पेपरची गड्डी खाली पडली.

मग तिने गिटार पाहिली. मी मुद्दाम बरोबर गेले. कुणी खोटं बोलू नये म्हणून.

"हा हात कुणाचा?"

"आईचा," हितेश म्हणाला. "मी दुसरी फळी शोधतोय. थोडे दिवस —"

तिने गिटारीचं लाकूड उचलून पोटाशी धरलं, वाजवायला बसतात तसं. उजवा हात वरून टाकला. बरोबर त्या डागावर.

"इथं माझा हात टेकतो. झाकलंच जातंय की. दुसरी कशाला? लावा रंग."

लाडीगोडी नाही, डोळ्यांत पाणी नाही. कामाचं बोलली. मला ही मुलगी आवडते. लिहून टाकलं, आता झालं.

संध्याकाळी जेवताना सासूबाईंना सांगितलं. "वेडी आहे," म्हणाल्या. पण भाकरी दुसरीही घेतली.

२० जुलै

चातुर्मास लागला. सासूबाईंचे नेम वाढले. हितेशचा नेम एकच, आज बोलेन. रोज सकाळी धरतो, रोज संध्याकाळी सुटतो.

निळा चढवला. हिरवा आला! मधोमध लाटा भेटतात तिथे गडद, कडांना उजळ. आणि वर तो फिकट हात, हिरव्या पाण्याखाली धरल्यासारखा.

९ ऑगस्ट

लॅकर मारला. घाई त्याची, आणि मीही अडवलं नाही. हवा इतकी दमट की वर दुधावरच्या सायीसारखं पांढरं धरलं. हिरवा गेला धुक्यात!

हितेश डोकं धरून बसला. "आता संपलं."

"संपलं काय! ओल अडकलीय आत. थांब. हवा सुकू दे, मग नुसतं थिनर मार, उघडेल. प्रत्येक गोष्टीला हात लावलाच पाहिजे का? काही गोष्टी ठेवून द्यायच्या असतात."

"भाभी, हे लॅकरचं सांगताय की —"

"लॅकरचं. जा, हात धू."

१ सप्टेंबर

संवत्सरी. सगळे एकमेकांची क्षमा मागतात. हितेश आईपुढे वाकला, "मिच्छामि दुक्कडं."

"कशाबद्दल?"

नेहमी कुणी असं विचारत नाही. मी मनात ओरडले. बोल ना! बोल!

"काही नाही. असंच," म्हणाला गाढव.

सासूबाई म्हणाल्या, "असंच नसतं काही."

७ ऑक्टोबर

हवा कोरडी. दुपारी उन्हं शेडच्या पत्र्यावर असताना हितेशने थिनरचा हलका फवारा दिला. मी दारात. पांढरं कडेपासून विरत गेलं आणि खालून हिरवा वर आला. लाटा, हात, सगळं. तो ओरडला, "भाभी!" एवढ्या मोठ्याने की दुकानातून हे धावत आले. त्यांना वाटलं आग लागली.

आता लॅकरचे पातळ थर चढवायचे, वॉटर पेपरने घासायचं, मग पॉलिश. दिवाळीपर्यंत होईल.

२७ ऑक्टोबर

बोलला! मला न सांगता. भाऊबीज उरकून नणंद नीलमताई सासरी गेली, आणि आईच्या पायाला तेल लावता लावता बोलला. मी ताटं घासत होते, नळ बंद केला.

"आई, मला तेजस्विनीशी लग्न करायचंय. निमगाव सावाची. आपल्यातली नाही."

सासूबाई म्हणाल्या, "चातुर्मासात लग्नाचं बोलत नाहीत. एवढं तरी शिकवलं होतं तुला."

बस्स. ना हो, ना नाही.

हितेश संध्याकाळी जेवला नाही. मी म्हटलं, चातुर्मास कार्तिकी पौर्णिमेला संपतो, तोवर उपाशी राहणार आहेस का? मग जेवला.

२ नोव्हेंबर

गिटार पुरी झाली. तारा ओढल्या. पितळेच्या तुकड्यामुळे आवाज थोडा तिखट येतो, तेजस्विनीला तो आवडला. शेडमध्ये छोट्या ॲम्प्लिफायरवर वाजवली. रस्त्यावरच्या एस.टी.तली माणसं खिडकीतून बघत होती.

सासूबाई ओट्यावर भिंतीला टेकून ऐकत होत्या. वाजवणं संपलं तसं म्हणाल्या, "इकडे आण." गिटारीवरून हात फिरवला. त्यांना डाग दिसत नाही, आणि लॅकरखाली तो हातालाही लागत नाही. तेजस्विनीने त्यांचा हात धरला आणि नेमका त्या जागी टेकवला. बोटावर बोट.

"इथं?"

"इथंच."

हात तिथे थोडा वेळ राहिला. मग, "वाजवताना हातातलं काही घासत नाही ना याला?"

"घड्याळ काढून ठेवते, आजी."

आणि त्या उठून आत गेल्या. हितेश माझ्याकडे बघतोय, मी हितेशकडे. कुणाला काही कळलं नाही.

८ नोव्हेंबर

कार्तिकी पौर्णिमा. चातुर्मास संपला. सासूबाई जैन स्थानकात जाऊन आल्या. अक्षर बोलल्या नाहीत. हितेश दिवसभर शेडमध्ये तीच एक कड पुसत होता. मलाही झोप नाही. मी कुणासाठी अशी झुरले नव्हते, स्वतःच्या निकालासाठीही नाही.

१० नोव्हेंबर

सकाळी दारात ठकूबाई कासारीण. सासूबाईंनीच बोलावलेली, मला न विचारता! आमच्यात नवरीला लाखेचा लाल चुडा असतो. म्हणाल्या, "लाख नको. काचेच्या काढ. हिरव्या. त्यांच्यात हिरव्या लागतात." ठकूबाईने माप विचारलं, तर स्वतःच्या बोटांचा घेर करून दाखवला, जणू तेजस्विनीचा हात अजून धरलेलाच आहे.

"आणि उजव्या हातात दोनच भर. रंगाला ओरखडे पडतील."