बडनेऱ्याहून घरी परत

आई, गाडी मूर्तिजापूर सोडून अकोल्याकडे, म्हणजे तुझ्या माहेराकडे निघाली आहे. आम्ही तिथे उतरणार नाही, पुढे नाशिकला जाणार आहोत. आपल्या मिशनने तुझ्या जावयाला तिथे वर्षभर शिकायला बोलावलं आहे. आमचं लग्न तू गेल्यावर झालं, तू त्याला पाहिलं नाहीस. समोरच्या बाकावर तोंड उघडं टाकून झोपला आहे, एवढ्यावरून तुला माणूस कळेल. तू आणि बाबांनी उभा केलेला, तुमच्यामागे आम्ही दोघं चालवतो तो अनाथ मुलांचा आश्रम आता वर्षभर ताईच्या हातात राहील. ही ताई म्हणजे तुझ्या काळात आश्रमातली सगळ्यांत मोठी मुलगी होती तीच, जिचं लग्न तू अकोल्याला लावून दिलंस. तिथल्या शाळेत शिकवायची. आमचा निरोप गेल्यावर बिनपगारी रजा टाकून नवऱ्याला आणि मुलांना घेऊन आली. मिशनने होकार दिला, मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी समितीने दिला, राहिला होता तो माझा. मी तिच्या मागे मागे फिरून सांगत होते, पाण्याचा पंप आधी थोडा हवेवर चालतो, तुरीची डाळ दोनदा धुवावी लागते. दोन दिवस तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काहून वं, तो पंप माह्या डोयासमोर बसवला. तू तवा पायन्यात झुलत होती."

पण माझा जीव पंपात अडकला नव्हता. गेल्या हिवाळ्यात एक मुलगी आली, चार-साडेचार वर्षांची. तिच्या मामीने तिला बिस्किटाचा पुडा देऊन ओसरीवर बसवलं, "आलेच" म्हणाली आणि मागच्या दाराने निघून गेली. मुलगी पुडा न फोडता संध्याकाळपर्यंत बसून होती. त्यानंतर ती माझा पदर सोडेना. सगळ्यांनी मला एकच सल्ला दिला, पहाटे ती झोपेत असताना निघून जा, रडारड नको. मला ते शक्य नव्हतं, कारण माझी पहिली शाळा तुझा ओटा होता. तू अंबाडी निवडायचीस आणि मी शेजारी पाटीवर गणितं करायची. उत्तर अंदाजाने लिहिलं तर बरोबर असलं तरी तू पुसून टाकायचीस. आणि मध्येच, कुणी न विचारता, सांगायचीस की आपल्या घरातल्या मुलांना कुणीतरी एकदा नजर चुकवून सोडलेलं आहे, म्हणून आपण बाजारात जातानाही त्यांना सांगून जायचं. रडली तर रडू दे.

म्हणून मी सांगितलं. एकदा सांगून माझं समाधान होईना, म्हणून रोज सांगू लागले. सकाळी वेणी घालताना तिला मांडीवर घ्यायचं आणि म्हणायचं, आम्ही नाशिकला जाणार, तू इथेच राहणार, वर्षाने आम्ही परत येणार. ती मान हलवायची, रडायची नाही. मला वाटलं, तुझी शिकवण कामाला आली. गेल्या आठवड्यात ताई मला हाताला धरून मुलींच्या खोलीत घेऊन गेली. पोरीने आपले दोन फ्रॉक, कंगवा आणि तो न फोडलेला बिस्किटाचा पुडा कापडी पिशवीत भरून पिशवी उशाशी ठेवली होती.

"या पोरीले कुठी पाठवून राह्यली तू?" ताईने विचारलं.

"कुठेच नाही, ताई. मी तर रोज समजावते तिला."

"तेच तं. तिची मामीबी इथं सोड्याच्या आंदी रोज मांडीवर घेऊन गोड-गोड बोलत होती म्हनते पोरगी. आता तू सुरू केलं. पोरीनं आपलं सामान बांदलं." मग माझ्याकडे पाहून आवाज जरा खाली आणला. "खरंच बोलली वं तू. पन किती बोलली."

मी ओसरीवर जाऊन बसले. आणि तिथे मला बडनेरा आठवलं. आजी अंथरुणाला खिळली म्हणून तू अकोल्याला निघाली आहेस. मी दुसरीच्या वयाची. सगळ्या मुलांना दोन मिनीडोर रिक्षांमध्ये कोंबून तू स्टेशनवर आणलं आहेस, बाबा म्हणताहेत, कशाला हा तमाशा. मी तुझ्या साडीला धरून म्हणते, मी तुझी खरी मुलगी आहे, मला तरी ने. शिकवताना तू पुस्तकी बोलायचीस, पण रागावलीस की अकोल्याची व्हायचीस. "खरी-खोटी कोन हाय वं इथं? सगळ्याइले सोडून चालली, तशी तुलेबी." गाडी गेली. ताईने माझं बोट धरून सगळ्यांसोबत मला घरी आणलं. मी इतकी रडले की उलटी झाली. पण घरात शिरले तर ओट्याशेजारी माझी पाटी तशीच होती, त्यावर कालचं गणित होतं, खुंटीवर माझा फ्रॉक होता. गेलेली तू होतीस. मी जागेवर होते. मी वरण-भात मागून घेतला.

आज सकाळी आम्ही सगळ्या मुलांना बडनेऱ्याला आणलं. मुलगी पिशवी छातीशी धरून आली, ती सोडायला तयार नव्हती, आम्हीही ओढली नाही. गाडी आली. मी चढले, ती खाली राहिली, तेव्हा तिच्या तोंडावर भीतीपेक्षा आश्चर्य जास्त होतं. मग ती मोठ्याने रडली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. ताईने तिला कडेवर घेतलं आणि गाडी हलल्यावर मला हाताने खूण केली, बस आता, आत जा.

आत्ताच ताईचा फोन आला. मी काही विचारायच्या आत बोलायला लागली, "पोचलो. दारातच उतरली कडेवरून. खोलीत गेली, खाटेले हात लावून पाह्यला. मंग फ्रॉक काढून खुंटीवर टांगले अन् बिस्किटाचा पुडा फोडला. सगळ्याइले एक-एक वाटून राह्यली. मलेबी देल्लं, मऊ पडलं होतं." माझ्या तोंडून नुसता हुंकार निघाला. ती म्हणाली, "तू रडून राह्यली का वं? नको रडू, पोट्टे खुशाल हायेत."

मी "बरं" म्हटलं. आई, मी रडत नव्हते. माझ्या तोंडात चिवडा होता. बडनेरा सुटलं तसा मी डबा उघडला होता. खिडकीतून काळी रानं मागे जात होती आणि माझ्या मनात येत होतं की नाशिकच्या खोलीला आतून कडी आहे, तिथे दोघांपुरता चहा ठेवायचा आहे आणि वर्षभर सकाळी मला कुणीही हाक मारणार नाही. जायचं ठरल्यापासून हे सुख मला रोज येऊन भेटायचं, आणि ते आलं की मी त्या पोरीला पुन्हा एकदा मांडीवर घेऊन समजवायची. इतक्या वेळा सांगायची गरज तिला नव्हती.

अकोला आलं. तुझं स्टेशन. हे पत्र तुला पोचवता आलं असतं तर हा वरचा सुखाचा परिच्छेद मी नक्की गाळला असता. पोचवता येत नाही, म्हणून राहू देते, आणि डब्यात अजून थोडा चिवडा आहे.